टाल्लिन, घरोघर

३ मार्च १९४१, सोमवार

नवी वही सुरू करतो आहे. जुनीत अजून नऊ पानं कोरी होती, पण तिच्या पुठ्ठ्यावर जुन्या सरकारचे तीन सिंह छापलेले होते, म्हणून अल्मानं ती सकाळी चुलीत घातली. मी ओरडलो. "अजून जरा मोठ्यानं ओरड," ती म्हणाली, "तळमजल्यावर रशियन अधिकारी राहायला आलाय, त्याला नीट ऐकू गेलं नसेल." तीस वर्षांच्या संसारात या बाईनं मला एकदाही वाद जिंकू दिलेला नाही.

कचेरीत मात्र दिवस चांगला गेला. तेवीस वर्षं मी नोंदणी कचेरीत बसतो आणि या शहरात कोण कुठं राहतं ते लिहितो. गेल्या उन्हाळ्यात रशियन फौजा आल्या, सरकार बदललं, बुरुजावरचा झेंडा बदलला, आमचे साहेबही बदलले. मला कुणी हलवलं नाही. डेन आले, जर्मन आले, स्वीड आले, झार आला. जो तो शहराला आपली पाटी लावून गेला, घरं होती तिथंच राहिली. माझ्या पुस्तकाची सुरुवात मी अशीच केली आहे. 'टाल्लिन, घरोघर'. अकरा वर्षं लिहितो आहे आणि आजवर एका माणसानंही त्याची चौकशी केली नव्हती.

आज केली. वरच्या कार्यालयातून कॉम्रेड होर्मा म्हणून एक गृहस्थ आले. चाळिशीचे, गुळगुळीत दाढी, मऊ आवाज. जन्म लेनिनग्राडकडचा, पण माणूस आपलाच. बोलतात ते माझ्या आजीच्या वेळच्या एस्टोनियनमध्ये, ऐकून गंमत वाटते. त्यांनी माझं कपाट पाहिलं, खण उघडून पाहिले आणि म्हणाले, "सारमेट्स, तुमच्यासारख्या माणसाला इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही?"

काय सांगणार! नाहीच विचारलं.

११ मार्च, मंगळवार

कपाटाबद्दल लिहून ठेवतो. आमच्या आजोबा-पणजोबांना जर्मन जमीनदारांनी वाटेल ती जर्मन आडनावं चिकटवली होती. पस्तीस साली ती टाकून एस्टोनियन नावं घ्यायची लाट आली. माझ्या टेबलापासून रस्त्यापर्यंत रांग लागायची. मी स्वतः एशहोल्त्सचा सारमेट्स झालो. पुस्तकासाठी म्हणून मी दर माणसाचं एक कार्ड केलं: जुनं नाव, नवं नाव, घर. लोक घर बदलत गेले तसा मीही कार्ड बदलत गेलो. नावबदलाचे सरकारी कागद गेल्या उन्हाळ्यात, फौजा आल्या त्याच आठवड्यात, आमच्या आधीच्या साहेबांनी अंगणात जाळले. काय हा अडाणीपणा! शिकलेला माणूस, वीस वर्षांचं काम एका दुपारी चुलाण्यात घालतो. मी त्यांना तसं तोंडावर म्हटलंही होतं. ते काठीनं राख हलवत राहिले.

म्हणजे आता असं कपाट शहरात एकच आहे, माझं.

होर्मांना एकोणीसच्या लढाईचा, म्हणजे आम्ही रशियाच्या लाल फौजेशी लढलो त्या स्वातंत्र्ययुद्धाचा, इतिहास लिहायचा आहे, संग्रहालयासाठी. कोण कोण स्वयंसेवक होते त्याची जुनी यादी त्यांच्याकडे आहे, पण सगळी जुनी नावं. त्यातली माणसं आता कुठं सापडणार? त्यांनी चाळीस चिठ्ठ्या दिल्या. मी दुपारपर्यंत अडतीस भरून दिल्या. उरलेले दोघे मेलेले निघाले, त्यांच्या कबरींचे क्रमांक दिले. होर्मा खुर्चीवरून उठून उभेच राहिले.

१६ मार्च, रविवार

आमची मुलगी विर्वे, जावई आणि नात मारेत कॉफीला आले. कॉफी म्हणजे भाजलेल्या मुळांचं काळं पाणी, पण अल्मानं पावावर कोळंबीएवढे मासे आणि अंडं घालून लाज राखली. मारेत चार वर्षांची आहे आणि आजोबांच्या चष्म्यावर तिचा फार जीव.

मी होर्मांचं कौतुक सांगत होतो. अल्मानं मध्येच तोंड घातलं. "इतिहास मेलेल्यांचा असतो ना? मग जिवंतांचे पत्ते कशाला हवेत त्याला?"

"घरांचा इतिहास आहे. घराला पत्ता लागतो."

"घराला लागतो. माणसाला कशाला?"

जावई, काल्यो, मुळातच कमी बोलतो. पियानो जुळवण्याचं काम करतो, दिवसभर कान लावून बसायची सवय. त्यानं विचारलं, "यादी कुठल्या लढाईची म्हणालात?"

"एकोणीसची."

"नावं जुनी आहेत?"

"जुनीच. म्हणून तर माझ्याकडे आले."

"बरं," तो म्हणाला आणि मारेतला उचलून खिडकीशी गेला. एकोणीस साली तो सोळा वर्षांचा होता. शाळेची टोपी घालून आणि बापाचे बूट पळवून लढाईला गेला होता. बूट मोठे होते, दुसऱ्याच आठवड्यात पाय सडायला लागले आणि परत आला. आमच्या घरात हा थट्टेचा विषय आहे. आज कुणी थट्टा केली नाही.

२ एप्रिल, बुधवार

सकाळी आमच्या इमारतीचा रखवालदार मिहकेल जिना झाडत होता. रोज तोच विनोद: "साहेब म्हणू की कॉम्रेड? एकदा काय ते ठरवा, झाडूला उशीर होतो." आज विनोद झाल्यावर हळूच म्हणाला, "लाई रस्त्यावरचे वेल्नर परवा गेले."

"वारले?"

"नाही हो. गेले. गाडी आली आणि गेले."

वेल्नर म्हणजे पूर्वीचे फेल्डमान, निवृत्त कॅप्टन. त्यांची चिठ्ठी मी मार्चमध्ये भरली होती. दीड लाखाच्या शहरात असे योगायोग होणारच.

२४ एप्रिल, गुरुवार

आजच्या गठ्ठ्यात सदतिसावी चिठ्ठी: कार्ल श्टाइनबेर्ग, विद्यार्थी, वय सोळा.

काल्यो किविमागी. त्याचं हे नवं नाव मीच दिलं होतं. पस्तीसच्या फेब्रुवारीत तो रांगेत होता, काय नाव घ्यावं ते त्याला सुचेना आणि मागचे लोक कुरकुर करत होते. मी म्हटलं, श्टाइन म्हणजे दगड ना, मग आपल्या भाषेतला दगडच घ्या, किविमागी व्हा. तेवढ्यात विर्वे माझा डबा घेऊन आली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

मी पेन शाईत बुडवलं आणि थांबलो. शेजारच्या टेबलावरची मुलगी माझ्याकडे पाहते आहे असं वाटलं. पाहत नव्हती. मग मी लिहिलं, 'सापडत नाही'.

तेवीस वर्षांत पहिल्यांदा खोटी नोंद केली. जेवण गेलं नाही. का केली हे मला नीट सांगता येत नाही. संग्रहालयासाठीच आहे ना सगळं? मग हात का थांबला? अल्माला बोललो नाही.

५ मे, सोमवार

होर्मा आले, खुशीत होते. म्हणाले, पुस्तकाला कागद मंजूर झाला. दोन हजार प्रती! "पण पूर्ण कधी करणार?" त्यांनी विचारलं.

मी हसून म्हटलं, "ते तेवढं विचारू नका." तळ्यातला म्हातारा त्यांना माहीत नव्हता. लेनिनग्राडला कोण सांगणार? आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं: वर्षातून एकदा म्हातारा तळ्यातून येतो आणि वेशीवर विचारतो, शहर बांधून पूर्ण झालं का? झालं म्हणालात की सगळं तळं शहरावर सोडणार. म्हणून नेहमी सांगायचं, छे, अजून खूप बाकी आहे.

होर्मांना गोष्ट फार आवडली. त्यांनी ती वहीत टिपून घेतली. "म्हणजे विचारणाऱ्याला खोटं सांगायचं, ही इथली जुनी रीत आहे तर," ते म्हणाले. मीही हसलो.

जाताना दारात थांबले. "तीनशे बारा चिठ्ठ्यांपैकी तुम्हाला एकच माणूस सापडला नाही, सारमेट्स. एकच. शाळकरी पोरगा होता. वय झालं का तुमच्या कपाटाचं?" मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काळजी करू नका. दुसरा माणूस लावतो शोधायला. त्याला सापडला तर तुम्हाला का सापडला नाही, एवढाच प्रश्न राहील. आणि त्या पोराला का लपवलं, हा."

'लपवलं' हा शब्द त्यांनी अगदी सहज वापरला. त्यांची भाषा जुनी आहे, कधी कधी शब्द चुकतो.

७ मे, बुधवार

दोन दिवस एकच हिशेब मांडतो आहे. दुसरा माणूस शोधणार. चर्चच्या दाखल्यांत काल्योचा जन्म आहे, लग्न आहे, विर्वेचं माहेरचं नाव आहे. आठवड्याभरात सापडेल. मग खोटी नोंद उघडी पडेल, आणि नुसता एक जुना शाळकरी स्वयंसेवक होता तो 'लपवलेला माणूस' होईल. म्हणजे खोट्या नोंदीनं त्याचं नुकसानच. खऱ्या नोंदीनं आजवर कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नाही. वेल्नर कॅप्टन होते, राजकारणात होते, त्यांचं वेगळं. काल्यो पियानो जुळवतो. दोन आठवडे लढला, तेही बुटांशी.

आणि खरं लिहायचं तर, 'वय झालं का तुमच्या कपाटाचं' हे मला लागलं. ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो.

आज चिठ्ठी मागून घेतली आणि दुरुस्त केली. काल्यो किविमागी, पूर्वीचा कार्ल श्टाइनबेर्ग. पत्नी विर्वे, मुलगी मारेत. ते राहतात ती कालामाया वस्तीतली लाकडी घरं म्हणजे भुलभुलैया आहे, टपालवालेसुद्धा चुकतात. रस्त्यावरचं दार बंद असतं. म्हणून नेहमीप्रमाणे पूर्ण लिहिलं: अंगणातून मागचा जिना, दुसरा मजला, डावीकडचं दार.

होर्मांनी वाचली आणि म्हणाले, "हे बघा! असं काम हवं."

घरी येताना फार हलकं वाटलं. ते वाटायला नको होतं असंही वाटलं.

२ जून, सोमवार

पुस्तकाचं नमुन्याचं पान छापून आलं. अक्षर जरा बारीक आहे. अल्मानं पाहिलं आणि म्हणाली, "तुझं नाव बरोबर आहे. बाकीचं मला वाचता येत नाही."

विर्वे येऊन गेली. मध्यउन्हाळ्यात योहान्नेसच्या सणाला सगळ्यांनी समुद्रावर जायचं, होळी पेटवायची, मारेतला पहिल्यांदा जागवायचं असं ठरलं. काल्यो आला नाही. त्याला हल्ली झोप लागत नाही म्हणे. "रस्त्यात गाडी थांबली की उठून बसतो," विर्वे म्हणाली. "पपा, तुम्हीच सांगा ना त्याला. तो म्हणतो यादीत नाव असेल. मी म्हटलं, असलं तरी जुनं असेल, आणि जुनं नाव कुणाचं ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

"सांगतो," मी म्हणालो. आणि मारेतला चष्मा दिला.

९ जून, सोमवार

मिहकेलचा भाऊ रेल्वेत सुतार आहे. मिहकेल सांगत होता, मालगाडीच्या डब्यांना आत फळ्यांचे माळे बसवताहेत, खिडक्यांना गज आणि जमिनीला एकेक भोक.

"गुरं न्यायची असतील," मी म्हणालो.

"गुरं माळ्यावर चढतात का, साहेब?" आज त्यानं कॉम्रेडचं विचारलं नाही.

मग सैन्यासाठी असेल. युद्ध सगळीकडेच आहे. पण सैनिकांच्या खिडकीला गज कशाला, हे मला कळलं नाही.

१२ जून, गुरुवार

होर्मांची माणसं येऊन कपाट घेऊन गेली. सुरक्षिततेसाठी, म्हणाले. पावती दिली नाही. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर कपाटाच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला आहे.

अल्मा संध्याकाळी म्हणाली, "पोरीला माझ्या बहिणीकडे खेड्यावर पाठव. काल्योलाही. शहरातले सगळे ट्रक कुणीतरी मागवून घेतलेत, बेकरीचासुद्धा. पाव खांद्यावरून आला आज."

"ट्रकचा आणि पोरीचा काय संबंध?"

"मला माहीत नाही. तुला माहीत असेल असं वाटलं."

मी म्हटलं, शनिवारी बोलू. शुक्रवारी सांगितलं तर विर्वे कामावर रजा कशी घेणार?

१४ जून, शनिवार

सकाळी सातला मिहकेलनं दार वाजवलं. रात्रभर शहरात ट्रक फिरत होते. आम्ही ऐकले होते. मी अल्माला म्हटलं होतं की लष्कराचे असतील.

कालामायाला चालत गेलो, पळत म्हटलं तरी चालेल. विर्वेच्या दारावर कागदाची पट्टी आणि लाखेची मोहर. तिथली रखवालदारीण म्हातारी, मला ओळखते. जिन्यावर बसून रडत होती.

"पहाटे दोनला आले. चौघं. म्हटलं, आता मला उठवतील, कुठलं घर विचारतील, मी सांगेन इथं असं कुणी राहत नाही. मी तेच ठरवून ठेवलं होतं हो! पण मला विचारलंच नाही. हातात एवढीशी चिठ्ठी, बॅटरीचा झोत पाडून वाचली, आणि थेट अंगणातून वर. चार पिढ्या राहिल्यासारखे." एका तासाची मुदत दिली होती म्हणाली. विर्वेनं मारेतला दोन झगे एकावर एक घातले. लोकरीचे बूट घ्यायचे राहिले.

माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्या बाईजवळ बसून रडला असता. मला तेही जमलं नाही.

१५ जून, रविवार

कोप्लीच्या मालधक्क्यावर. अल्मा पाव, मारेतचे बूट आणि माझा जुना कोट घेऊन आली. तारेपलीकडे डब्यांची रांग, मिहकेलच्या भावाचे डबे. शेकडो माणसं तारेशी उभी राहून नावं पुकारत होती. पहारेकरी ढकलत होते, थोड्या वेळानं माणसं पुन्हा तिथंच यायची. एका तासानं अल्माला विर्वेचा आवाज आला.

गजातून फक्त तिचे डोळे आणि बोटं दिसत होती. काल्योला वेगळं काढलं होतं. पुरुषांचे डबे दुसरीकडे, कुठं ते तिला माहीत नव्हतं. मारेत झोपली होती. "आई, पाणी," ती म्हणाली. पाणी देऊ दिलं नाही. बूट एका तरुण पहारेकऱ्यानं घेतले आणि आत फेकले. देव त्याचं भलं करो.

मग ती मला म्हणाली, "पपा, काहीतरी चूक झाली आहे. काल्योचं हे नाव कुठल्याच यादीत नाही. आणि तो मागचा जिना कुणाला सापडत नाही, तुम्हाला माहीत आहे ना. कुणीतरी चुकून दुसऱ्याचा पत्ता दिलाय. तुमची तिथं ओळख आहे. तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

अल्मानं माझा हात धरला. "सांगेल तो. उद्याच सांगेल."

"सांगतो," मी म्हणालो.

१६ जून, सोमवार

आठ वाजता होर्मांच्या दारात उभा होतो. त्यांनी लगेच आत बोलावलं. दाढी वाढली होती, तीन दिवस झोपले नसावेत.

"काल्यो किविमागी," मी म्हटलं. "माझा जावई आहे. काहीतरी चूक झाली आहे."

"चूक?" त्यांना खरोखर काळजी वाटलेली दिसली. खण उघडून त्यांनी चिठ्ठी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "दाखवा. चूक असेल तर आत्ता दुरुस्त करू. गाडी अजून सुटलेली नाही."

मी चष्मा पुसला. माझंच अक्षर. जुनं नाव, नवं नाव, पत्नी, मुलगी, घर, जिना, मजला, दार. मी ती दोनदा वाचली. आयुष्यात कधी इतक्या मनापासून मी चूक शोधली नव्हती.

"ती मुलगी चार वर्षांची आहे," मी म्हटलं.

"वय तुम्ही लिहिलं नव्हतं," ते म्हणाले आणि टाक माझ्याकडे सरकवला. "घाला."

मी टाक उचलला नाही. एवढंच केलं. त्यांनी खांदे उडवले आणि चिठ्ठी खणात टाकली. मी जिना उतरून आलो. रस्त्यात ऊन होतं. आमचे जुने साहेब आठवले, अंगणात राख हलवणारे, आणि मी त्यांना अडाणी म्हटलं होतं.

अल्मा दारातच उभी होती. "बोललास? काय म्हणाले? चूकच आहे ना?"

"नाही," मी म्हणालो.

मग स्वयंपाकघरात तिला सगळं सांगितलं, पहिल्या गठ्ठ्यापासून. 'सापडत नाही' लिहिलं होतं तेही सांगितलं, आणि सात मेची दुरुस्तीही. तिनं मध्ये तोंड घातलं नाही. संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"डावीकडचं दार, हेसुद्धा?"

मी हो म्हणालो.